उत्तर येईपर्यंत थांबा

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: ‘वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. अशा माणसांना आता संशोधनात भागीदार करून घेतात म्हणे. ज्यांना सकाळी काय जेवलो ते आठवत नाही, ते काय सांगणार?’

जेवणाचीच गोष्ट सांगतो. नोव्हेंबर १९०१, फ्रँकफर्टचं मनोरुग्णालय. ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होत्या. काय खाताय, असं डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, पालक! मी मलाच हरवून बसले आहे, असंही त्या सांगत. १९०६ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या मेंदूच्या तपासणीतून अल्झायमर यांचं नाव अजरामर झालं. बाईंचे शब्द टिपलेली फाइल मात्र हाती लागली ती थेट १९९५ मध्ये.

आजाराचं नाव डॉक्टरांचं, आणि ज्यांनी तो सोसला त्यांचं म्हणणं नव्वद वर्षं बासनात. मला हे फार लागतं.

म्हणूनच ग्लासगोचे जेम्स मॅकिलॉप मला मोठे वाटतात. १९९९ मध्ये त्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. २००२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने स्कॉटलंडमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्यांनीच चालवलेला गट उभा राहिला. २००४ मध्ये त्यांनी हेदर विल्किन्सन या संशोधिकेसह शोधनिबंध लिहिला: आमची मुलाखत कशी घ्यावी! ज्याची परीक्षा घ्यायची, त्यानेच परीक्षकाला धडा दिला.

२०१४ मध्ये या गटाने संशोधकांपुढे सहा तत्त्वं ठेवली. त्यातलं एक निव्वळ वेळेबद्दल आहे. प्रश्न आत उतरायला वेळ लागतो, शब्द वर यायला त्याहून जास्त. तोवर विचारणारा पुढच्या रकान्यात गेलेला असतो आणि कागदावर पडतं, ‘उत्तर नाही’. त्यात दोष स्मृतीचा किती आणि घाईचा किती? हे बाहेरून मोजता येत नाही, आतल्या माणसालाच ठाऊक असतं.

अहवाल छापून झाल्यावर समितीत एक खुर्ची द्यायची, ही मात्र भागीदारी नव्हे. प्रश्न ठरतात तेव्हाच बोलावलं पाहिजे.

ताई, सकाळचं जेवण वडिलांना आठवणार नाही कदाचित. पण मिक्सर चालू असताना तुम्ही बोललात की शब्द निसटतात, हे त्यांना त्या क्षणी कळत असतं. आज टीव्ही बंद करून त्यांच्या समोर बसा. कशाचा त्रास होतो, एवढंच विचारा. आणि थांबा.