परिक्रमेची पत्रावळ

साडेतीन शक्तिपीठांपैकीं एक असें जें नांदेड जिल्ह्यांतील माहूर, तेथें रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे तांबूल. कुटलेल्या विड्याचा हा प्रसाद तळहातावर पडतो, तोंडांत जातो आणि मागें कांहींच ठेवीत नाहीं. यात्रेंतील जेवणाचीही जुनी रीत अशीच. पानाला पान लावून बारीक काड्यांनीं टांचलेली पळसाची पत्रावळ जेवणानंतर उकिरड्यावर जाई आणि तिचें खत होई.

थर्मोकोलच्या ताटाचें तसें नाहीं. तें कुजत नाहीं. त्याचे नुसते तुकडे होतात. त्यांतून राखी पौर्णिमेच्या सुमाराची गडाची परिक्रमा पडते भर पावसाळ्यांत. डोंगरवाटेवर टाकलेले द्रोण, पिशव्या ओढ्यांतून वाहत पैनगंगेस मिळतात. उष्ट्या अन्नासकट पिशवी गिळणारें जनावर तर प्राणासही मुकतें. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें अशा ताटांवर व पेल्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरावयाच्या प्लास्टिकच्या ताटांवर देशभर बंदी आली. पण गंमत अशी, कीं चहाचा कागदी पेला निर्दोष समजून लोक खुशाल फेकतात! त्याच्या आंतल्या अंगास बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. नाहीं तर चहा कागदांतून पाझरलाच असता.

पळस मात्र किनवट-माहूरच्या रानांत अजून आहे. पत्रावळीस मागणी राहिली, तर ती टांचणाऱ्या हातांस चार पैसे मिळतील. चहापुरता घरचा पितळी पेला पिशवींत टाकण्यास तर तेवढाही खर्च नाहीं.