गोंदवल्यानंतर ताप हटत नाही? तळहात, तळपाय पाहा

१४ एप्रिल जवळ आली की आपल्या वस्तीतली तरुण मुले हौसेने हातावर ‘जय भीम’ गोंदवून घेतात. लेकींचे नाक-कान टोचले जातात. बहुतेकांना काहीच होत नाही. पण सुई-शाई अस्वच्छ असली किंवा जखम चिघळली, तर जंतू रक्तात शिरू शकतात. हृदयाची झडप आधीच खराब असेल, तर ते तिच्यावर घर करतात. हा आजार क्वचित होतो. पण वेळेवर उपचार न मिळाल्यास जीव जातो.

धोका जास्त कोणाला? लहानपणी घसा दुखून नंतर सांधे सुजले आणि ‘व्हॉल्व्ह खराब झालाय’ असे कळले, त्यांना. जन्मतः हृदयदोष असलेल्यांना. झडप बदललेल्यांना. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोंदवू-टोचू नये.

गोंदवल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ताप, थंडी, घाम, थकवा सुरू झाला आणि हटेना, तर उजेडात अंग नीट पाहा. बोटांच्या टोकांवर दुखऱ्या लालसर गाठी. तळहात-तळपायावर न दुखणारे लाल डाग. नखाखाली काडीसारख्या तांबड्या-काळ्या रेघा. पापणीच्या आत बारीक लाल ठिपके. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून याच जागा तपासाव्यात. कोयता धरणाऱ्या हातांच्या नखांत मार लागूनही रेघा येतात. ताप नसेल तर नुसत्या रेघांनी घाबरू नये. आणि डाग दिसले नाहीत म्हणून लांबलेला ताप अंगावरही काढू नये.

ऊसतोडीला गेलेली आपली माणसे फडावर ताप आला की एखादे इंजेक्शन, दोन दिवसांच्या गोळ्या घेऊन पुन्हा कामाला लागतात. ताप उतरतो, जंतू मात्र झडपेवर राहतात. शिवाय अर्धवट औषधांमुळे रक्तातले जंतू तपासणीत सापडत नाहीत. म्हणून अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचे कल्चर व्हावे लागते. सोबत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. उपचार बहुधा चार ते सहा आठवडे शिरेतून चालतात. मध्येच सोडू नयेत.

बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा. डॉक्टरांना तीन गोष्टी न विसरता सांगा: कधी गोंदवले किंवा टोचले, ताप किती दिवस आहे, हृदयाचा जुना त्रास आहे का. दम लागला, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करा.