क्रॅनबेरी आणि मुलांची जीभ

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या जेवणात, टर्कीशेजारी लालभडक क्रॅनबेरी सॉस वाढला जातो. मोठ्यांसाठी तो सणाचा भाग असतो. पहिल्यांदा चाखणारं मूल मात्र बऱ्याचदा तोंड वेडंवाकडं करतं. त्यात मुलाचा दोष नाही. 100 ग्रॅम ताज्या क्रॅनबेरीत साखर जेमतेम 4 ग्रॅम, म्हणजे सफरचंदातल्या साखरेच्या निम्म्याहून कमी. आंबटपणा जवळपास लिंबाच्या रसाइतका. शिवाय टॅनिन वर्गातली द्रव्यं, जी लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडं पाडतात. आपण ज्याला तुरटपणा म्हणतो तो हाच. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे साखर. बाजारात मिळणाऱ्या गोड सुक्या क्रॅनबेरीत 100 ग्रॅममागे 70 ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि ती बहुतेक वरून घातलेली. यातून मुलाची ओळख होते ती साखरेशी, फळाशी नव्हे. माझं म्हणणं असं, की या फळाची ओळख जिभेपासून सुरूच करू नये. ती आधी गोष्टीतून व्हावी, मग स्वयंपाकातून, आणि चव त्यानंतर यावी.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: मुलांना मुळात आंबट आवडत नाही, मग गोष्टी सांगून काय होणार? पुरावा उलट दिशेचा आहे. फिलाडेल्फियातल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या जिन गी लीम आणि जुली मेनेला यांनी 5 ते 9 वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या आयांना कमी-अधिक आंबट जिलेटिन चाखायला दिलं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सर्वांत आंबट नमुना पसंत केला. आयांपैकी जवळजवळ कुणीच नाही. म्हणजे अडचण आंबटपणाची नसून अनोळखीपणाची आहे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात मुलं नव्या पदार्थाला बिचकतात, आणि लीआन बर्च यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे की तोच पदार्थ आठ-दहा वेळा थोडाथोडा चाखला की नावड बरीच ओसरते. प्रश्न एवढाच उरतो, की जबरदस्ती न करता मुलाला दहा वेळा चाखायला लावायचं कसं? महाराष्ट्रातल्या मुलांनी करवंदाच्या बाबतीत याचं उत्तर केव्हाच शोधलं आहे. ‘कोंबडा की कोंबडी’ हे ठरवायला करवंद चावून आतला रंग लाल की पांढरा ते बघावं लागतं, आणि खेळ चालू राहायचा तर पुढचं करवंद उचलावंच लागतं. करवंद आणि क्रॅनबेरी यांचं कूळ वेगळं, तरी आंबट-तुरट फळ खेळातून आपलंसं होतं ते असं.

गोष्टीचा उपयोग इथेच आहे. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना दोन आठवडे भाज्यांची चित्रपुस्तकं दाखवली; पुस्तकात भेटलेली भाजी, विशेषतः आधी माहीत नसलेली, मुलं पुढे अधिक सहजपणे चाखू लागली. क्रॅनबेरीसाठी असं पुस्तक शोधावं लागत नाही. वेंडी आणि हॅरी डेव्हलिन यांचं ‘क्रॅनबेरी थँक्सगिव्हिंग’ 1971 साली आलं. न्यू इंग्लंडमधल्या दलदलीच्या कडेला राहणारी आजी, तिची नात मॅगी, आजीच्या क्रॅनबेरी पावाची गुपित कृती आणि ती लंपास करू पाहणारा पाहुणा अशी ही कथा, आणि तिच्यासोबत पावाची कृतीही छापलेली. गोष्ट संपताच मूल कृतीकडे वळतं, ही त्या पुस्तकाची खरी हुशारी.

मात्र गोष्ट मुलांसाठी आहे म्हणून तिने खरेपण सोडावं, हे मला मान्य नाही. थँक्सगिव्हिंगची सुरुवात मानल्या जाणाऱ्या 1621 च्या प्लिमथच्या मेजवानीत क्रॅनबेरी सॉस होता असं सर्रास सांगितलं जातं. त्या काळच्या वृत्तांतांत त्याचा उल्लेख नाही. खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. तिथले मूळनिवासी वॅम्पनोआग लोक हे फळ युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून गोळा करत आले आहेत, आणि मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचे ॲक्विना वॅम्पनोआग आजही ऑक्टोबरमध्ये क्रॅनबेरीचा दिवस पाळतात. मुलंही मोठ्यांबरोबर फळं वेचायला जातात. 1816 च्या सुमारास केप कॉडवरच्या डेनिस गावात हेन्री हॉल यांच्या लक्षात आलं, की वाऱ्याने वाळू पसरलेल्या जागी रानवेली मरण्याऐवजी अधिक जोमाने वाढतात. तिथून लागवड सुरू झाली. आजही शेतकरी हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर वाळू पसरतात. बर्फ वितळला की ती आपोआप वेलींवर बसते. चित्रांत नेहमी तरंगणारी फळं दिसतात, त्यामुळे क्रॅनबेरी पाण्यात उगवते असा समज होतो. प्रत्यक्षात तोडणीच्या वेळी वाफ्यात पाणी सोडतात, आणि फळं तरंगतात ती त्यांच्या पोटातल्या हवेच्या चार कप्प्यांमुळे.

हे कप्पे स्वयंपाकघरात मुलाला स्वतः पाहता येतात. फळ आडवं कापायचं, पाण्यात टाकायचं, ओट्यावर हलकेच आपटून उसळी बघायची. घट्ट फळ उसळतं, मऊ पडलेलं उसळत नाही. पाणी न सोडता तोडलेली फळं निवडण्याची यंत्रं याच गुणावर चालतात. पातेल्यात तापली की आतली हवा आणि वाफ फुगते, साल फट्‌ आवाज करून फुटते (म्हणून झाकण हवं, आणि मोठं माणूस शेजारी). निवल्यावर सॉस घट्ट होतो तो फळातल्या पेक्टिनमुळे. चमचाभर रसात खायचा सोडा घातला तर फेस येतो आणि लाल रंग निळसर-जांभळ्याकडे झुकतो, कारण अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लतेप्रमाणे बदलतं. लिंबू पिळलं की लाली परत येते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 6 ते 10 वर्षांच्या 47 मुलांपैकी ज्यांनी पालकांसोबत स्वयंपाक केला त्यांनी सॅलड इतरांपेक्षा सुमारे तीन चतुर्थांश जास्त खाल्लं. मुलं थोडी, जेवण एकच, आणि संशोधन नेस्ले या अन्नकंपनीच्या केंद्रातलं, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. पण तो एकटा नाही. चित्रपुस्तकांचे आणि पुनःपुन्हा चाखण्याचे अभ्यासही त्याच बाजूला बोट दाखवतात.

सर्वांत वजनदार आक्षेप साखरेचाच आहे. नेहमीच्या कृतीत 340 ग्रॅम फळांना कपभर, म्हणजे सुमारे 200 ग्रॅम साखर पडते. मग मुलाच्या हातून सॉस करवून आपण काय मिळवलं? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पातेल्यातच द्यावं लागेल. निम्मी फळं काढून गोड सफरचंद किंवा संत्र्याच्या फोडी घालता येतात. साखर कमी पडली तर सॉस थोडा सैल राहील, इतकंच. कच्चं फळ आधी चाखू द्यावं, चार वर्षांखालच्यांना कापूनच, कारण अख्खं फळ घशात अडकू शकतं. मग साखर चमच्याचमच्याने घालावी, दर वेळी थोडा सॉस निववून मुलाच्या जिभेवर ठेवावा आणि कुठे थांबायचं ते त्यालाच ठरवू द्यावं. मोनेलच्या प्रयोगातल्या आंबटशौकीन मुलांकडे पाहता, ते थांबणं मोठ्यांच्या अंदाजाच्या बरंच आधी येण्याची शक्यता आहे.