घटक ४ : घरातील आजार व इजा – शब्द, अर्थ आणि व्यवहार

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
• घरातील नेहमीच्या आजारांसाठी व इजांसाठी वापरल्या जाणाऱ्या मराठी शब्दांतील अर्थभेद सांगता येतील.
• त्या शब्दांमागे दडलेल्या धोक्याच्या खुणा ओळखता येतील.
• रुग्णाची स्थिती डॉक्टरांपुढे नेमक्या शब्दांत मांडता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, ज्या घरात कोणी कधी आजारी पडले नाही, असे घर नाही. आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती वा घरकाम सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. मुलाचा ताप, सासूबाईंची चक्कर, स्वयंपाकघरातील भाजणे हे सारे आपण अनुभवलेले आहे. अशा प्रसंगी औषधाच्याही आधी उपयोगी पडते ती भाषा. डॉक्टरांची तपासणी सुरू होते ती ‘काय होतंय?’ या प्रश्नाने. त्याचे उत्तर जितके नेमके, तितके निदान सुकर होते. म्हणून या घटकात आपण आजाराच्या शब्दसंपत्तीचा व्यवहाराच्या अंगाने विचार करणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ आजाराचे व्याकरण

‘मला ताप आला’, ‘बाळाला जुलाब लागले’, ‘बाबांच्या कमरेत उसण भरली’ ही वाक्ये पाहा. यांत ताप, जुलाब, उसण हे कर्ते आहेत. रुग्ण चतुर्थीत किंवा षष्ठीत, म्हणजे भोगणाऱ्याच्या जागी आहे. आजार आपण ‘करीत’ नाही. तो येतो, होतो, लागतो, भरतो. इजेच्या बाबतीत मात्र अवयवच कर्त्याच्या जागी येतो : पाय मुरगळला, बोट कापले, हात भाजला. मराठीने आजार आणि इजा यांत केलेला हा भेद सहज लक्षात येत नाही. परंतु इजेच्या वाक्यात ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते, तर आजाराच्या वाक्यात ते वेगळे सांगावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

४.३.२ तापाच्या पायऱ्या

‘कसर’ किंवा ‘कणकण’ म्हणजे हाताला जेमतेम जाणवणारा ताप. ‘अंग मोडून येणे’ ही त्याआधीची वा त्यासोबतची वेदना. ‘हुडहुडी भरणे’ म्हणजे थंडी वाजून अंग कापणे. ‘हिवताप’ या नावात हीच थंडी आहे. ‘फणफणणे’ हा तीव्र तापाचा शब्द. या पायऱ्या उपयुक्त असल्या तरी त्या तापमापकाची जागा घेऊ शकत नाहीत. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक भरल्यास, बाळ खेळते आहे असे वाटले तरी, त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

‘ताप उतरला’ या शब्दप्रयोगाकडे विशेष लक्ष द्यावे. आपण तो ‘बरे वाटले’ या अर्थी घेतो. डेंग्यूमध्ये मात्र ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच धोक्याचे असू शकतात. या काळात पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, ग्लानी यांपैकी काही दिसल्यास रुग्णालय गाठावे. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन ही औषधे स्वतःहून घेऊ नयेत. त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

४.३.३ पोटाचे आजार

‘पोट बिघडले’ हा शब्दप्रयोग फारच सैल आहे. पातळ शौचास वारंवार होणे म्हणजे जुलाब किंवा हगवण. शेंबडासारखा चिकट पदार्थ पडणे म्हणजे आव. त्यात रक्त असल्यास रक्ती आव. जुलाबात मुख्य भीती असते ती शरीरातील पाणी व क्षार कमी होण्याची. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देऊन असंख्य प्राण वाचविले. हीच जलसंजीवनी. आज तिची तयार पुडी मिळते. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवावे. प्रमाण काटेकोर असावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये.

डोळे खोल जाणे, जीभ कोरडी पडणे, रडताना अश्रू न येणे, लघवी कमी होणे, तान्ह्या बाळाची टाळू खोल जाणे या शोषाच्या खुणा आहेत. त्या दिसल्यास किंवा शौचातून रक्त गेल्यास घरगुती उपायांवर थांबू नये.

४.३.४ ‘चक्कर’ आणि ‘छातीत दुखणे’

‘चक्कर येते’ या एका वाक्यात किमान तीन निरनिराळे अनुभव सामावतात. भोवतालचे सारे गरगर फिरल्यासारखे वाटणे याचे मूळ पुष्कळदा कानाच्या आतील भागात असते. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे हे रक्तदाब उतरल्याचे, अंगातील पाणी किंवा रक्त कमी असल्याचे लक्षण असू शकते. आणि एकाएकी तोल जाऊन तोंड वाकडे होणे, जीभ अडखळणे, एका बाजूचा हात वा पाय लुळा पडणे हे पक्षाघाताचे लक्षण होय. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्यामुळे ‘जरा पडून राहा’ हा सल्ला येथे घातक ठरतो.

छातीच्या बाबतीतही तसेच. जळजळ, कळ, धडधड आणि दडपण हे चार शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटणे, वेदना हातात वा जबड्यात जाणे, दरदरून घाम फुटणे या तक्रारी असताना ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेहींना व वृद्धांना अशा वेळी वेदना फारशी जाणवतही नाही.

४.३.५ इजांचे शब्द

खरचटणे, सोलवटणे, चिरणे, मुरगळणे, लचकणे, निखळणे, मोडणे अशी इजांची क्रियापदे मराठीत विपुल आहेत. त्यांतील ‘मुका मार’ हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. बाहेर जखम नाही, रक्त नाही. मार बोलत नाही, म्हणून तो मुका. डोक्याला असा मार बसल्यावर वारंवार उलट्या, वाढती सुस्ती, असंबद्ध बोलणे, झटके यांपैकी काही झाल्यास तत्काळ रुग्णालयात जावे. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या वृद्धांना तर लक्षणांची वाट न पाहता दाखवावे.

‘चटका’ क्षणाचा असतो; ‘भाजणे’ त्याहून व्यापक व खोल. दोहोंवर पहिला उपाय एकच : भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरणे. सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये. फोड फोडू नयेत. चेहरा, हात किंवा सांधा भाजल्यास, तसेच भाजलेला भाग रुग्णाच्या तळहाताहून मोठा असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

‘घोळणा फुटणे’ म्हणजे नाकातून रक्त वाहणे. अशा वेळी मान मागे टाकण्याची सवय आपल्याकडे रूढ आहे. ती चुकीची आहे, कारण रक्त घशात उतरते. रुग्णास बसवून किंचित पुढे वाकवावे व नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून धरावा.

कुत्रा चावल्यास जखम लहान असली तरी ती वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. येथे ‘फक्त ओरखडा आहे’ हे वाक्य जिवावर बेतू शकते.

४.३.६ ‘जरा’ या शब्दाविषयी

‘काही नाही, जरा कणकण आहे’ हे वाक्य घरात सर्वांत अधिक कोण उच्चारते, याचे आपण निरीक्षण करावे. बहुधा जिच्या आजारपणाने घराची चूल अडते, तीच ते उच्चारते. ‘जरा’ हे येथे दुखण्याचे प्रमाण सांगत नाही. ते इतरांची काळजी टाळते. म्हणून घरातील स्त्रीचे आणि वृद्धांचे ‘जरा’ ऐकून पुढे जाऊ नये. कधीपासून, कोठे, किती, हे विचारावे.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात : रुग्णाचे वय, त्रास केव्हा सुरू झाला, नेमके काय होते, किती वेळा होते, आतापर्यंत कोणते औषध दिले. ‘मुलाचे पोट बिघडले आहे’ याऐवजी ‘वय चार वर्षे, काल रात्रीपासून सात वेळा पातळ शौच, दोन उलट्या, सकाळपासून लघवी नाही, जलसंजीवनी दिली’ असे लिहिल्यास निम्मे काम होते. रुग्णाचा स्वतःचा शब्द शक्यतो बदलू नये. आजी ‘जीव घाबरतो’ म्हणत असेल, तर तेच सांगावे. त्याचे ‘अ‍ॅसिडिटी’ असे भाषांतर आपण करू नये.

४.४ सारांश

मराठीत आजार व इजा यांसाठी सूक्ष्म अर्थभेद दाखविणारे शब्द आहेत. ‘ताप उतरला’, ‘गॅस झाला’, ‘जरा’ यांसारखे शब्दप्रयोग दिलासा देतात, पण प्रसंगी दिशाभूलही करतात. योग्य शब्द योग्य वेळी वापरणे हा प्रथमोपचाराचाच भाग आहे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘चक्कर येणे’ या शब्दप्रयोगातील तीन अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.
२. आजाराच्या व इजेच्या वाक्यांतील कर्त्याचा फरक सांगा.
३. ‘मुका मार’ या शब्दाची अर्थपूर्णता विशद करा.

४.६ उपक्रम

आपल्या घरातील वा परिसरातील ज्येष्ठ व्यक्तींशी बोलून दुखण्यासंबंधीचे दहा बोलीशब्द मिळवा. प्रत्येकाचा अर्थ त्यांच्याच शब्दांत लिहा. तो शब्द त्यांनी अखेरचा केव्हा आणि कोणासाठी वापरला, हेही आवर्जून विचारा.