पीआरसीची साक्ष

विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचा परभणी जिल्ह्याचा दौरा लागला, की जिंतूरच्या पंचायत समितीत ‘पीआरसी येतेय’ याखेरीज दुसरा विषय उरत नाही. फायलींचे गठ्ठे सुटतात, कॅशबुकं पुन्हा पडताळली जातात, शाळांना आणि आरोग्य केंद्रांना निरोप जातात. एरवी मुंबई-नागपुरात भरणारं विधिमंडळ तालुक्याच्या कपाटापर्यंत पोचतं, ते या समितीमुळे.

समिती कुणाच्या तक्रारीवरून धाड घालत नाही. तिचा आधार लेखापरीक्षणाचा. १९३० च्या कायद्यानुसार स्थानिक निधी लेखापरीक्षक जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचे हिशेब तपासतात आणि आक्षेप परिच्छेदवार नोंदवतात. कचेरीत त्याला सगळे ‘पॅरा’च म्हणतात. हे अहवाल विधिमंडळात मांडले जातात, तिथून समितीकडे येतात आणि मग समिती जिल्ह्यात येते.

दौरा साधारण तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी लोकप्रतिनिधींशी चर्चा आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. दुसऱ्या दिवशी आमदारांचे गट तालुक्यांत फिरतात आणि गटविकास अधिकाऱ्यांची साक्ष घेतात. तिसऱ्या दिवशी प्रशासन अहवालावर पुन्हा मुख्य कार्यकारी अधिकारी. तरीही समाधान झालं नाही, तर खात्याच्या सचिवांना मुंबईत बोलावलं जातं.

यातला दुसरा दिवस मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. समजा, चारठाणा किंवा बोरीकडच्या एखाद्या शाळाखोलीचा पॅरा आहे. देयक निघालं, पण मोजमाप पुस्तिका लेखापरीक्षकाला दाखवलीच नाही. आता ती टेबलावर ठेवावी लागते. पायाची खोली किती, स्लॅबची जाडी किती, मोजमाप कुणी आणि कोणत्या तारखेला घेतलं, उपअभियंत्याने तपासल्याची सही कुठे आहे, असं एकेक विचारलं जातं. देयकाची तारीख मोजमापाच्या आधीची निघाली, तर पुढे बोलायला जागाच उरत नाही. शिवाय विचारणारे आमदार सकाळी ती खोली स्वतः पाहून आलेले असू शकतात. सभागृहात ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणून वेळ मारून नेता येते. इथे कागद समोर असतो, आणि विचारणाऱ्यांत सत्ताधारीही असतात, विरोधकही.

लोकांनी निवडलेल्यांनी खर्चाचा जाब मागायचा, ही रीत जुनी आहे. ब्रिटनच्या संसदेने १८६१ मध्ये लोकलेखा समिती नेमली. आपल्याकडे ती १९२१ मध्ये आली. संसदेच्या समित्यांनी सभागृहाच्या सभासदांनाही सोडलेलं नाही. मुंबईच्या सराफा संघटनेकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून १९५१ मध्ये खासदार एच. जी. मुद्गल यांची चौकशी टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली, आणि मुद्गलांना खासदारकी सोडावी लागली. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेचे दहा सदस्य समितीच्या अहवालानंतर बडतर्फ झाले. त्यांत एरंडोल आणि जळगावचे खासदारही होते. सरकारी मोहिमाही यातून सुटत नाहीत: राज्यात मार्च २०२१ मध्ये आधीच्या सरकारच्या वृक्षलागवड मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती जाहीर झाली. एकट्या २०१९ सालचं त्या मोहिमेचं उद्दिष्ट ३३ कोटी झाडांचं होतं.

जिंतूरसारख्या तालुक्याला पीआरसीची गरज अलीकडे जास्तच भासली. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे निवडणुकांविना प्रशासकाच्या हाती कारभार गेला. स्थायी समितीत उठून ‘आमच्या गटातल्या रस्त्याचं काय झालं’ असं विचारणारा सदस्यच उरला नव्हता. अशा काळात निवडून आलेल्या माणसांनी हिशेब मागण्याची जागा विधिमंडळाच्या समितीशिवाय दुसरी कुठली होती?

म्हणूनच धुळ्याची घटना जिव्हारी लागते. मे २०२५ मध्ये विधिमंडळाच्याच अंदाज समितीच्या दौऱ्याच्या वेळी तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या १०२ क्रमांकाच्या खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली. समितीच्या अध्यक्षांनी आरोप नाकारले, मुख्यमंत्र्यांनी विशेष पथकाकडून चौकशीची घोषणा केली. ते पैसे कुणाचे, हे तपासाने ठरेल. पण समितीकडे विश्वासाखेरीज दुसरं हत्यार नाही. तिला शिक्षा देता येत नाही. वसुली, विभागीय चौकशी, गुन्हा नोंदवणं यांची ती फक्त शिफारस करते. पुढचं सगळं सरकारच्या हाती.

आणि तिथेच वेळ जातो. पॅरा बहुधा काही वर्षांपूर्वीच्या हिशेबाचा असतो. साक्ष होईपर्यंत ग्रामसेवक बदलून जातो, अभियंता निवृत्त होतो, नव्या माणसाला जुन्या सहीचं उत्तर द्यावं लागतं. साक्षी बंद दाराआड होतात, हे मी समजू शकतो. अधिकारी तिथे मोकळेपणाने बोलू शकतो. मात्र अहवाल सभागृहात मांडला गेल्यावर त्यातला आपल्या गावाचा भाग ग्रामसभेत वाचून दाखवायला काय हरकत आहे? येलदरीच्या माणसाला आपल्या गावच्या कामावर आक्षेप होता, हे कळायला मुंबईची वाट धरावी लागू नये. तोवर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. साध्या कागदावर पंचायत समितीच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा; गावाचं नाव, लेखापरीक्षणाचं वर्ष आणि पॅरा क्रमांक लिहून अनुपालन अहवालाची आणि वसुलीच्या चलनाची प्रत मागावी. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.