कारभाऱ्याची वही

यंत्रमाग कारखान्यात मजुरीचा तंटा निघाला की आमची पहिली मागणी असते ती हजेरीपत्रकाची. एके ठिकाणी मला उत्तर मिळाले, “वही घरची आहे!” वही दिसत नाही तोवर सारा वाद तोंडचाच. १९४८ च्या कारखाने कायद्याने निरीक्षकाला वह्या मागण्याचा अधिकार दिला, तो याचसाठी. संगणकातही हाच प्रश्न उभा राहिला.

संगणकात एकाच वेळी अनेक कामे चाललेली असतात. कोणत्या कामाला किती वेळ व किती जागा द्यावी, हे ठरविणारा कारभारी म्हणजे कर्नल. त्याच्या वह्या यंत्राच्या स्मृतीत असतात व इतर प्रोग्रामांना तेथे मज्जाव असतो. त्या वाचण्यासाठी ‘केव्हीएम’ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, प्रथम सनओएस या प्रणालीत आली. ती प्रणाली करणाऱ्या कंपनीच्या, १९८२ सालच्या, संस्थापकांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला होते. पुढे बीएसडी प्रणालींनी ही रीत उचलली.

रीत साधी आहे. प्रथम वही उघडावयाची. नावांच्या यादीवरून हव्या त्या नोंदीचा पत्ता काढावयाचा. मग त्या पत्त्यावरचा मजकूर उतरवून घ्यावयाचा. मात्र चालू यंत्राची वही वाचता वाचताच बदलते. पाळी सुटताना दारात माणसे मोजावीत, तशी गत!

दुसरी अडचण याहून मोठी. त्याच स्मृतीत कोणाचा पासवर्डही असू शकतो. ज्याला सगळी वही खुली, त्याला सगळ्यांची गुपिते खुली. म्हणून फ्रीबीएसडीत चालू कामांची यादी हवी असेल, तर आता कर्नलच तेवढी नोंद काढून देतो. लिनक्सने तर कर्नलच्या स्मृतीकडे जाणारा ‘केमेम’ हा थेट दरवाजा २०२१ साली काढूनच टाकला.

पण कारभारीच कोसळला तर वाचून कोण दाखविणार? अशा वेळी त्या क्षणाची स्मृती साठवून ठेवलेली असली, तर ही लायब्ररी तीच प्रत थेट वाचते. ती प्रत बदलत नाही, सारवासारवही करीत नाही.

तात्पर्य, रोजच्या कामाला नेमकी तेवढीच नोंद मिळावी. पण अपघाताच्या चौकशीत मूळ वहीच समोर आली पाहिजे. आम्ही कामगार तरी याहून वेगळे काय मागतो?