ती मैत्री करायला आली नव्हती

२०१२च्या जानेवारीत मी न्यू जर्सीला धाकट्या बहिणीकडे होते. दर सोमवारी रात्री आठ वाजले की ती हातातलं काम टाकून ‘द बॅचलर’ लावायची. एक मुलगा, पंचवीस मुली. गुलाब मिळेल ती राहणार, न मिळेल ती रडत गाडीत बसणार. मला ते सगळं पोरकट वाटत होतं. मग कोर्टनी रॉबर्टसन बोलायला लागली आणि मी सोफ्यावर सरसावून बसले. आज इतक्या वर्षांनीही तिच्याबद्दल बोलायचं म्हटलं की मला वेळ पुरत नाही.

इतिहास थोडक्यात: अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर २००२ मध्ये ‘द बॅचलर’, पुढच्याच वर्षी मुलीच्या हाती निवड देणारं ‘द बॅचलरेट’, २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर ‘लव्ह इज ब्लाइंड’, ज्यात एकमेकांना न पाहता भिंतीआडून बोलून जोड्या जुळतात. खलनायक या सगळ्यांतच आहेत.

पण कोर्टनी! ॲरिझोनाची मॉडेल. बाकीच्या मुली ‘आम्ही सगळ्या मैत्रिणी’ म्हणत गळ्यात पडत होत्या, तेव्हा ही जिंकायला आल्याचं लपवतच नव्हती. माहेरच्या भेटीच्या भागात तिने त्या सीझनचा ‘बॅचलर’ बेन फ्लाय्निकबरोबर चक्क लुटुपुटुचं लग्न लावलं, स्वतः लिहिलेल्या शपथांसकट. शेवटी मॅटरहॉर्नच्या साक्षीने बेनने तिलाच मागणी घातली. प्रेक्षक इतके खवळले, की कार्यक्रम दाखवला जात असतानाच त्या दोघांत दुरावा आला. पुढे जुळलं, पण त्याच वर्षी कायमचं तुटलं. २०१४ मध्ये तिने आत्मकथन लिहिलं. नाव, ‘आय डिडन्ट कम हिअर टू मेक फ्रेंड्स’.

खलनायिका घडते ती एडिटिंगच्या टेबलावर, आणि हा माझा सर्वांत आवडता भाग. स्पर्धकाला एकटीला बसवून तासन् तास बोलतं करतात. मग एका दिवसाचं अर्धं वाक्य आणि दुसऱ्या दिवसाचं अर्धं जोडून तिसरंच वाक्य तयार होतं. त्या धंद्यात याला ‘फ्रँकनबाइट’ म्हणतात. ‘द बॅचलर’वर काम केलेल्या सारा गर्ट्रूड शापिरोने पुढे ‘अनरिअल’ ही मालिका काढली, ती याच अनुभवातून. मी आणि बहिणीने रेकॉर्डिंग थांबवून थांबवून जोड शोधले. ओळखायची खूण सोपी: आवाज ऐकू येतो, पण बोलणारीचं तोंड दिसत नाही. पडद्यावर दिसतो वाइनचा ग्लास, तलाव, दुसरीचा चेहरा. असं काही दिसलं की मी त्या वाक्यावर विश्वास ठेवत नाही.

२०१६च्या ‘बॅचलरेट’मधला चॅड जॉन्सन मला याच कारणासाठी पुरता खलनायक वाटत नाही. सतत मांस खाणारा, कमरेला सुटकेस बांधून पुलअप्स काढणारा, इतरांना धमकावणारा. त्याचं वागणं वाईटच होतं. पण घरी पाठवल्यावर तो शिट्टी वाजवत झाडीतून परत येतो त्या दृश्याला भुताच्या सिनेमासारखं सजवलं, आणि काही महिन्यांपूर्वीच त्याची आई गेली होती ही गोष्ट मागे पडली. ‘द बॅचलर’मधली कोरीन ऑलिम्पिओस (२०१७) मात्र बिनधास्त गोड. गुलाब वाटायच्या समारंभाच्या वेळी झोपलेली, घरच्या आयाबद्दल प्रेमाने बोलणारी. तिला हसता हसता लोक तिच्याच बाजूने झाले.

आणि ‘लव्ह इज ब्लाइंड’च्या दुसऱ्या सीझनमधला शेक, म्हणजे अभिषेक चटर्जी, शिकागोचा प्राण्यांचा डॉक्टर. भिंतीपलीकडच्या मुलींना तो विचारायचा, संगीत महोत्सवात तुला खांद्यावर उचलून घेता येईल का. दीप्ती वेमपतीशी साखरपुडा झाल्यावर तो इतरांना सांगत सुटला, की तिच्याबरोबर राहणं म्हणजे मावशीबरोबर राहिल्यासारखं वाटतं. इथे आमची खूण लावून पाहिली. तोंड स्पष्ट दिसतं, जोड कुठेच नाही. माझ्या लेखी या सगळ्यांत खरा खलनायक हाच.

लग्नाच्या मांडवात आधी दीप्तीला विचारलं. ती म्हणाली, नाही, मी स्वतःला निवडते. शेकवर उत्तर द्यायची पाळीच आली नाही. त्या रात्री बहिणीचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी काही वेळ नुसत्याच गप्प होतो, आणि मग तिने तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला.